दुनळीची झिलई

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस एका शनिवारी सकाळी गावाहून चुलतभावाचा फोन आला. इथे स्टुटगार्टमध्ये मी नुकता चहा टाकला होता. दादा एरवी आंबा, माकडं आणि मुंबई-गोवा रस्ता या तीन विषयांपलीकडे फारसा जात नाही. त्या दिवशी मात्र त्याने सरळ फोटोच पाठवले आणि म्हणाला, "बंदूक तुझ्या जर्मनीतली. आता तूच सांग काय करूचा ता."

फोटो आजोबांच्या दुनळीचे होते. बारा बोअरची, दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली काडतुसाची बंदूक. दक्षिण कोकणातल्या आमच्या घरी ती १९३४ पासून आहे. आजोबा गावचे पोलीस पाटील होते आणि परवाना त्यांच्या नावावर निघाला होता. पुढे तो काकांच्या आणि आता दादाच्या नावावर आला. शेती संरक्षणाचा परवाना. रानडुकरं आणि वानरं बागेत उतरली की हवेत एखादा बार काढायचा, एवढाच गेल्या चाळीस वर्षांतला तिचा उपयोग. आजोबांनी तिने नेमकं काय मारलं हे कोणी विचारू नये. मी लहान असताना तो एक डुक्कर होता, माझ्या पुतण्यांपर्यंत पोचेपर्यंत त्याचा ढाण्या वाघ झाला आहे.

लोकसभेच्या निवडणुकीसाठी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. जूनमध्ये ती परत आणली आणि दादाने ती कापडी खोळीत घालून माळ्यावर ठेवली. खोळ ओली होती, हे त्याला कळलं ऑगस्टमध्ये. नळ्यांवर तांबूस गंज चढला होता. शहरातला एक कारागीर म्हणत होता की पाच-सहा दिवसांत बफ मारून, काळं पाणी चढवून अगदी नव्यासारखी करून देतो. दसरा १२ ऑक्टोबरला होता. खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवायची तर ती अशी गंजलेली कशी ठेवायची, हा दादाचा प्रश्न. रास्त प्रश्न होता.

मी इथे यंत्रांच्या सुट्या भागांच्या पृष्ठभागांवरच काम करतो. लोखंडाला काळं करणं हे आमच्या कारखान्यात रोजचं काम आहे. जर्मनमध्ये त्याला 'ब्रुनीरेन' म्हणतात; त्याला रीतसर मानक आहे, डीआयएन ५०९३८. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटचे क्षार घातलेली कढई साधारण १४० अंशांवर उकळत ठेवायची, भाग त्यात बुडवायचे आणि थोड्या वेळाने काळे कुळकुळीत करून बाहेर काढायचे. थर जेमतेम एक मायक्रॉनचा. तेव्हा माझं पहिलं उत्तर होतं, "दे करून. त्यात काय एवढं?" फोन ठेवल्यावर मात्र फोटो मोठे करून पाहिले, आणि पुन्हा फोन लावून म्हटलं, "दादा, थांब. आठ दिवस कोणाला हात लावू देऊ नकोस."

फोटोत काय दिसलं ते सांगतो. बंदूक मोडल्यावर, म्हणजे नळ्या खाली झुकवल्यावर, नळ्यांच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूने सपाट जागा असते. एरवी ती झाकलेली राहते. तिथे बारीक ठशांची रांगच होती. मुकुट आणि त्याखाली 'यू'. मुकुट आणि 'एस'. मुकुट आणि 'डब्ल्यू'. वर्तुळात १२. 'नायट्रो' हा शब्द. आणि ५.२७ असे आकडे. नळीवर तीन कड्यांची खूण आणि क्रुप, एसेन ही अक्षरं.

जर्मनीत १८९१ साली कायदा झाला की विक्रीला जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीची सरकारी परीक्षा झालीच पाहिजे. परीक्षा म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस भरून बार काढायचा, आणि मग नळी फुगली का, तडकली का हे तपासायचं. जी टिकली तिच्यावर ठसे. 'यू' म्हणजे उंटरझूखुंग, तपासणी झाली. 'एस' म्हणजे श्रोट, छर्र्यांची नळी. 'डब्ल्यू' म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळलेलं आहे, म्हणजे छर्रे लांबवर एकत्र राहतात. 'नायट्रो' म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूवर परीक्षा झाली. आणि ५.२७ म्हणजे मे १९२७. आमच्या घरच्या बंदुकीची जन्मतारीख आम्हाला सत्त्याण्णव वर्षांनी कळली. आजोबांची अजून कळलेली नाही.

ठशांच्या धाटणीवरून आणि घडणीवरून बंदूक झूल गावची. (झूल म्हटलं की आपल्याला पोळ्याचा बैल आठवतो, पण हे थुरिंगिया प्रांतातलं गाव आहे आणि सोळाव्या शतकापासून बंदुकांवर जगत आलं आहे.) पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लष्करी शस्त्रं बनवण्याची आणि विकण्याची कडक बंधनं आली. झूलच्या कारागिरांना उरल्या त्या शिकारीच्या बंदुका, आणि त्या त्यांनी जगभर विकल्या. इंग्रजी नामांकित बंदूक साहेबाच्या खिशाला शोभणारी. बेल्जियमची किंवा जर्मनीची साधी दुनळी गावच्या पाटलालाही झेपणारी. आमच्या बंदुकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर एका विक्रेत्याचं नाव होतं. आता त्यातलं 'बॉम्बे' एवढंच वाचता येतं.

पट्टीवरची ती अक्षरं इतकी उथळ होती की कापडी चाकाखाली अर्ध्या मिनिटात गेली असती. ठसेही गेले असते किंवा पुसट झाले असते. त्याहून वाईट म्हणजे क्रमांक गेला असता. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ सांगतं की बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. आणि अशी खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायचं ते त्यानेच. म्हणजे चकचकीत बंदूक घेऊन दादा परवान्याच्या नूतनीकरणाला गेला असता, पुस्तिकेतला क्रमांक बंदुकीवर जुळला नसता, आणि मग पुढचे दसरे वकिलाच्या दारात गेले असते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "नंबर सोडून बाकीचा करूया?"

हा 'बाकीचा' काय, हे पाहायला मी उल्मला गेलो.

उल्म स्टुटगार्टपासून गाडीने तासाभराच्या आतबाहेर आहे. आइनस्टाइनचं जन्मगाव आणि उंच चर्चचं गाव म्हणून आपण पाहुण्यांना तिथे नेतो. बंदुकांच्या इतिहासात त्याचं स्थान वेगळं आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये झूल अमेरिकनांनी घेतलं आणि जुलैत ते रशियनांच्या ताब्यात गेलं. तिथले आणि शेजारच्या त्सेला-मेलिसचे कारखानदार पश्चिमेला निघाले, आणि क्रीगहोफ, वाल्थर, आन्शुत्स ही तिन्ही घराणी शेवटी उल्ममध्ये रुजली. बंदुका तपासणारं सरकारी परीक्षागृहही तिथे आहे. आमच्या वुर्टेमबर्गची स्वतःची परंपरा त्याआधीची: नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फला राजा फ्रीडरिशने १८११ साली एका रिकाम्या केलेल्या मठात रायफलींचा कारखाना काढला, आणि त्याच कारखान्यातून पुढे माउझर हे नाव जगभर गेलं. ज्यांना मी भेटलो ते वयस्क कारागीर उल्मजवळच्या खेड्यात राहतात. त्यांचे वडील झूलहून आलेले. त्यांनी टॅबवर फोटो पाहिले, ठशांवर बोट ठेवलं आणि स्वाबियन हेल काढून म्हणाले, "ही आमच्या गावची."

मी त्यांना मोठ्या उत्साहाने १४० अंशांच्या कढईबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पैठणी वॉशिंग मशीनमध्ये टाकायला निघालो होतो. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांमधली पट्टी कथील-शिशाच्या मऊ झाळणीने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिक त्या झाळणीला खातं. शिवाय ते फटींतून आत शिरतं आणि मग वर्षानुवर्षं आतून पाझरत राहतं. बाहेरून काळी सुंदर दिसणारी बंदूक एक दिवस बार काढताना पट्टीवर सुटते. मी पृष्ठभागांवर पोट भरणारा माणूस, आणि मला हे माहीत नव्हतं. गिअरच्या चाकांना झाळण नसते, इतकंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

मग दुनळी काळी करतात कशी? गंजवून. हे ऐकून मला गंमत वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नळी आधी खडूने घासून तेलाचा अंशही काढून टाकायचा. मग आम्लाचं सौम्य द्रावण एका दमात, वर एकही पट्टा न उमटेल असं पुसायचं. दमट पेटीत काही तास ठेवायची. नळीवर नारिंगी गंजाची मखमल येते. मग ती शुद्ध पाण्यात उकळायची. उकळल्यावर तो नारिंगी गंज काळ्या लोहभस्मात बदलतो, चुंबकाला चिकटतो तो मॅग्नेटाइट. वरची सैल काजळी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची. आणि हे सगळं पुन्हा, सहा वेळा, आठ वेळा, कधी दहा वेळा. आठवडा जातो. उकळायच्या ऐवजी नुसतंच गंजवत आणि घासत राहिलं की नळी काळी न होता तपकिरी होते. जुन्या बंदुका तशाच असत, म्हणून जर्मन 'ब्रुनीरेन' शब्दातही तपकिरीच रंग आहे, वस्तू काळी झाली तरी. इंग्रजीत याला ब्राऊनिंग म्हणतात. मराठी कानाला ब्राऊनिंग म्हटलं की २१ डिसेंबर १९०९ ची नाशिकच्या विजयानंद थिएटरमधली रात्र आणि अनंत कान्हेरे आठवतात, पण ते पिस्तूल बनवणाऱ्याचं आडनाव. रंगाशी त्याचा संबंध नाही.

तर दादा ज्या गंजाला घाबरला होता आणि कारागीर ज्या काळ्या रंगाला संरक्षण म्हणत होता, ती एकाच धातूची दोन रूपं. एक लोखंड खात सुटतं, दुसरं तिथेच थांबतं.

मी विचारलं, तुम्ही ती तशी करून द्याल का? बंदूक भारतातून इथे आणणं कागदपत्रांच्या दृष्टीने अशक्यप्रायच, पण समजा. ते म्हणाले, करता येईल, पण आधी नळी घासावी लागेल, कारण खड्डे राहिले तर काळा रंग त्यांना अधिकच उठाव देतो. आणि सत्त्याण्णव वर्षांत ती आधीच किती घासली गेली आहे कोणास ठाऊक. भिंतीची जाडी मापल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. मग त्यांनी मला उलट विचारलं, तुम्ही तिच्यात काडतूस कोणतं घालता? मी म्हटलं, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, शक्तिमान. लांबी? ती मला ठाऊक नव्हती. त्या काळच्या बहुतेक जर्मन दुनळ्यांची काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची असते. आजची बरीच काडतुसं ७० ची. ती आत बसतात, हाच घोटाळा. बार निघताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. रंगाचं नंतर बघा, म्हणाले, आधी हे बघा. त्या रात्री दादाला मी पहिला निरोप पाठवला तो झिलईचा नव्हता. डब्यावरचा आकडा वाचून सांग, एवढाच होता. डबा ७० चा निघाला. ती काडतुसं बाजूला गेली.

इथे बंदुकीबद्दल बोलताना एक गोष्ट मी शिकलो आहे: कोणाजवळही सहज बोलायचं नाही. स्टुटगार्टपासून वीसेक किलोमीटरवर विनेनडेन आहे. ११ मार्च २००९ रोजी तिथल्या शाळेत शिकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने शाळेत आणि बाहेर पंधरा माणसं मारली. पिस्तूल वडिलांचं होतं, कायदेशीर परवान्याचं, आणि ते कपाटात बंद नव्हतं, झोपण्याच्या खोलीत होतं. वडिलांवर स्टुटगार्टच्या न्यायालयात खटला चालला आणि ते दोषी ठरले. कायदा आणखी कडक झाला. माझ्या ओळखीत त्या गावचे लोक आहेत. माझ्या आजोबांच्या बंदुकीची हौसेने गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी एकदा पाहिलं आहे. त्यानंतर दादाला मी जे विचारलं ते झिलईपेक्षा जास्त वेळा विचारलं असेल: कपाटाला कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते?

पण मूळ प्रश्न राहिलाच. खंडेनवमीला ती गंजलेली ठेवायची का?

आपल्याकडे शस्त्र उजळणं ही काही आधुनिक खोड नाही. त्यासाठी एक अख्खा धंदा होता. शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई करणारा, त्यावरून हे नाव. तलवारी, कट्यारी, भाले घासून, धार लावून, तेल देऊन ठेवणं हे त्यांचं काम. मराठी मुलखात हे आडनाव आजही सर्वत्र भेटतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं तर त्याआधी शस्त्रं उजळलेली हवीत. खंडेनवमीची पूजा ही एका अर्थी फौजेची वार्षिक तपासणीही होती. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, गोऱ्यांना मात्र सूट. ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत गेली, पण तोवर गावोगावच्या भिंतींवरून तलवारी उतरल्या होत्या आणि शिकलगारांचे हात विळ्या-कात्र्यांना धार लावण्याकडे वळले होते. आजोबांची पिढी पाटावर शस्त्र म्हणून विळा, कोयता, पहार ठेवत आली. १९३४ साली परवान्याची बंदूक घरात आल्यावर तिला पाटावर मधली जागा का मिळाली असेल ते मला आता कळतं.

शिकलगार उजळत होते, पण आंधळेपणाने नव्हे. नागपूरच्या रघोजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये खर्चून सोडवली; ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली. तिचं पातं युरोपीय घडणीचं, म्हणून तर तिला फिरंग म्हणतात. अशी पाती त्या काळी जर्मनीतल्या झोलिंगनसारख्या गावांतून जगभर जात आणि आपल्याकडे येऊन मराठी मुठीत बसत. रघोजींच्या पात्यावर सोन्याने देवनागरी अक्षरं भरलेली आहेत. विचार करा, ही तलवार वापरातली होती. म्हणजे ती घासली गेली असणार, तेल लागलं असणार, वर्षातून एकदा तरी. तरी अक्षरं राहिली. कारण घासणाऱ्या हाताला कुठे थांबायचं ते ठाऊक होतं. मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेणाऱ्या चाकाला ते ठाऊक नसतं, आणि आमच्या शहरातल्या कारागिराकडे ते चाक होतं. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ गिऱ्हाइकांना चकाकीच हवी असते.

जर्मनांना मात्र उलट बाजूने शिकावं लागलं. हायडेलबर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण तिथे नेतोच. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी तो उद्ध्वस्त केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यातला फ्रीडरिश महाल नव्यासारखा करण्यात आला, आणि शेजारचा ओटहाइनरिश महालही तसाच करायचं घाटत होतं. १९०१ साली कलेतिहासकार गेओर्ग देहिओने त्याविरुद्ध पत्रक काढलं. जपा, नव्याने रचू नका, असा त्याचा आग्रह होता. मोठा वाद झाला, आणि आज आपण ज्या रिकाम्या खिडक्यांतून आभाळ पाहतो त्या त्या वादामुळे तशा राहिल्या. दोनच वर्षांनी व्हिएन्नाच्या आलोइस रीगलने याची नीट मांडणी केली. जुन्या वस्तूला एक मूल्य तिच्या जुनेपणाचं असतं, एक इतिहासाचं, एक वापराचं. आणि सामान्य माणसाला भावतं ते नवेपणाचं. ही सगळी एकमेकांशी भांडतात. रीगल प्रामाणिक होता. नवेपणा आवडणाऱ्यांना त्याने अडाणी ठरवलं नाही.

हा वाद आपल्यालाही परका नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला १९५५ साली वज्रलेप झाला, २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी पुन्हा संवर्धन केलं, आणि दोन्हीवर आजही चर्चा चालते. पूजेतली मूर्ती झिजलेली, भंगलेली चालत नाही. संग्रहालयातल्या मूर्तीचं झिजणं हाच तिचा पुरावा. आणि दादाची बंदूक पाटावर बसणारी होती, बागेत बार काढणारीही होती, आणि आता ठसे वाचल्यावर आमच्या लेखी कागदपत्रही झाली होती.

शेवटी निकाल लागला तो एका बारीक गोष्टीने. इथे स्टुटगार्टला वायसेनहोफच्या टेकडीवर राज्य कला अकादमी आहे. तिथे वस्तूंचं संवर्धन शिकवतात. तिथे शिकलेली एक मैत्रीण आहे, तिला मी दादाकडून मागवलेले नवे, दिवसाउजेडी काढलेले फोटो दाखवले. तिने गंजावर फार वेळ घालवला नाही. ताजा, नारिंगी, बोटाला लागणारा गंज काढा. खालचा जुना, गडद, घट्ट बसलेला तपकिरी थर राहू द्या, तो स्थिर आहे, एवढंच म्हणाली. मग तिने एका जागी बोट ठेवलं. दोन्ही नळ्यांवर, मागच्या टोकापासून चार-पाच बोटं पुढे, बारीक खड्ड्यांचे दोन गोल पुंजके होते, प्रत्येकी नाण्याएवढे. एका नळीवर एक, दुसरीवर एक, अगदी समोरासमोर. बाकी नळी बरी असताना इथेच खड्डे का? इथे काही चिकटवलेलं होतं का, ओलं, बरेच दिवस?

मी दादाला विचारलं. तो हसायलाच लागला. मग म्हणाला, आजी.

आजी दर खंडेनवमीला दोन्ही नळ्यांना ओलं गंध आणि हळदकुंकू लावायची, वर अक्षता चिकटवायची, आणि ते पुसायचं नाही असा तिचा दंडक होता. पुढच्या वर्षीच पुसायचं, नवं लावताना. आजोबा वैतागायचे, तेलाचा बोळा घेऊन मागे लागायचे. आजी म्हणायची, तुमचं तेल बाकीच्या नळीला लावा. पन्नासेक दसरे असं चाललं. समुद्रावरची खारी दमट हवा त्या लेपात धरून राहिली आणि तिने लोखंडात घर केलं. आजोबांचं नाव परवान्याच्या पुस्तिकेत आहे, शिक्क्यांसकट. आजीचं नाव त्या बंदुकीच्या कुठल्याच कागदावर नाही.

हे कळल्यावर घासण्याची भाषा दादानेच सोडली. उल्मच्या कारागिरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि मग अगदी व्यवहाराचं बोलले: खड्डे नळीच्या सर्वांत जास्त दाबाच्या जागी आहेत, त्यामुळे जाडी मापल्याखेरीज आता बार काढू नका, काडतूस ६५ चं असलं तरी. हे दादाला पटवणं जड गेलं. वानरांचं काय, हा त्याचा सवाल होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. दरवर्षी आंब्याचं नुकसान त्याचं होतं, माझं नाही. इथे बसून जुनेपणाचं मूल्य मला स्वस्तात पडतं, हे त्याने न बोलता मला सुचवलं आणि ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं. त्याने फटाक्यांची माळ लावायला सुरुवात केली आहे. वानरं चार दिवसांत सरावली, असं कळतं.

साफसफाई आम्ही व्हिडिओ कॉलवर केली, सप्टेंबरच्या दोन रविवारी. रिकामी आहे हे दोनदा पाहून, नळ्या सुट्या करून, पातळ तेल लावून रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मऊ तांब्याच्या पट्टीने, तांबं लोखंडाला ओरखडत नाही म्हणून, नारिंगी गंज हळूहळू उचलला. ठशांजवळ फक्त कापडाचा बोळा. शेवटी कोरडं करून मेणाचा पातळ हात. कापडी खोळ जाळली. चमक आली नाही. नळ्या गुळाच्या ढेपेसारख्या गडद तपकिरी दिसतात, मध्येमध्ये काळ्या. दादाच्या बायकोचं मत पडलं की एवढी मेहनत करून बंदूक होती तशीच दिसते. तिचं खरंच होतं.

खंडेनवमीला पाटावर बंदूक मधोमध. गंध-हळदकुंकू कुठे लावायचं यावर घरात बराच खल झाला. वहिनी म्हणाली, आजींनी लावलं तिथेच लावायचं. दादा म्हणाला, मग खड्डे वाढतील. शेवटी दस्त्याला, लाकडावर, लावलं. पण फोटो मोठा करून पाहिला तर नळ्यांवर, त्या दोन जागी, वहिनीने एकेक झेंडूची पाकळी ठेवली होती.

तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. दादा बंदूक घेऊन पुन्हा ठाण्यात गेला, या वेळी नव्या कोरड्या पेटीत घालून. जमा पावतीचा फोटो त्याने मला पाठवला. बारा बोअर दुनळी, एक नग. क्रमांक, अगदी नीट उतरवलेला. आणि शेवटच्या रकान्यात, हवालदाराच्या अक्षरात: 'जुनी, चालू'.